मंडळी कोणासाठी, मंडळी कोणाविरुद्ध?



'बिग बॉस'सारखे कार्यक्रम घरात पाहावेत की पाहू नयेत, हा वाद आपल्याकडे नवा नाही. या महिन्यात आम्हाला त्या वादात पडायचे नाही. कारण ज्या घरात टीव्ही नाही तिथेही मुलांच्या मोबाइलवर त्या कार्यक्रमाचे तुकडे पोहोचतातच. त्यातून गट बांधण्याची आणि मत देण्याची जी रीत मुले उचलतात, तिच्याकडे मात्र आई-वडिलांनी एकदा नीट पाहायला हवे.

हा खेळ मूळचा नेदरलँड्सचा. १९९९ मध्ये तिथे 'बिग ब्रदर' सुरू झाला. हिंदीत तो २००६ मध्ये आला, मराठीत २०१८ मध्ये. काही माणसे एका घरात बंद असतात. कोणी बाहेर जावे यासाठी सदस्य एकमेकांची नावे सुचवतात. याला नॉमिनेशन म्हणतात. ज्यांची नावे जास्त वेळा येतात त्यांच्यापैकी कोणाला वाचवायचे, ते बाहेरचे प्रेक्षक मत देऊन ठरवतात. म्हणजे इथे मते दोन प्रकारची आहेत. आतले मत घालवण्याचे, बाहेरचे मत वाचवण्याचे.

आतल्या मताचा हिशोब सोपा आहे. समजा, घरात १२ जण आहेत आणि प्रत्येकाने दोन नावे द्यायची आहेत. एकूण मते २४. पाच जणांनी आधीच ठरवून तीच दोन नावे घेतली, तर त्या दोघांवर प्रत्येकी पाच मते पडली. उरलेल्या सात जणांची १४ मते इकडे दोन, तिकडे तीन अशी विखुरतात. पाच जणांचे म्हणणे सगळ्या घराचे म्हणणे होऊन बसते. म्हणूनच बिग बॉसच्या घरात नॉमिनेशनची आपसात चर्चा करायला मनाई असते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पॅनल कसे लागते हे पाहिलेल्या आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

अमेरिकेत २००० साली 'सर्व्हायव्हर' नावाचा असाच खेळ सुरू झाला. त्यात एका बेटावर १६ जण होते आणि कोणाला घालवायचे ते तेच मतदानाने ठरवत. रिचर्ड हॅच या स्पर्धकाने चौघांचा गट बांधला. बाकीच्यांना हे डावपेच आवडत नव्हते. त्यांच्यात एक डॉक्टर होता. आपण कोणत्याच बाजूला नाही, हे दाखवण्यासाठी तो नावांच्या आद्याक्षरांच्या क्रमाने मत देऊ लागला. गटाने तो क्रम हेरला आणि आपली मते त्याच्या मताला जोडली. कोणाच्याही बाजूला नसलेल्या माणसाचे मत शेवटी गटाच्याच कामी आले. अखेरीस विजेता कोण, हे बाहेर घालवलेल्यांपैकी सात जणांनी ठरवायचे होते. हॅच जिंकला, पण चार विरुद्ध तीन अशा मतांनी. ज्यांना आपण बाहेर काढले त्यांच्याच हाती आपला निकाल असावा, ही गोष्ट हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे हक्क जाणणाऱ्या घरांना ओळखीची वाटेल. माणसाचे देणे माणसालाच चुकते करावे लागते.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. १ ऑक्टोबर २०२२ ते १२ फेब्रुवारी २०२३ या काळात हिंदी 'बिग बॉस'चे सोळावे पर्व झाले. त्यात एका गटाला 'मंडळी' हे आपले मराठी नाव पडले. वर्धा नदीपलीकडच्या अमरावतीचा शिव ठाकरे त्यात होता. २०१९ मध्ये मराठी बिग बॉसचे दुसरे पर्व त्यानेच जिंकले होते. पुण्याचा रॅप गायक एमसी स्टॅन, म्हणजे अल्ताफ, ताजिकिस्तानचा अब्दू रोझिक, सुंबुल तौकीर खान, निमृत कौर अहलुवालिया आणि साजिद खान हे बाकीचे. बोली वेगळ्या, धर्म वेगळे, वये वेगळी. मतांचा हिशोब ही मंडळीही करत होतीच. ते कोणी साधुसंत नव्हते. पण त्यांचा गट नुसत्या हिशोबावर उभा नव्हता, एकमेकांच्या सोबतीवर उभा होता. शेवटच्या पाचांत मंडळीतले दोघे पोहोचले. स्टॅन पहिला आला, शिव दुसरा.

त्या दिवसांत आमच्या भागातल्या घरांमध्ये मात्र वेगळाच वाद रंगला. कोणी म्हणे, शिव आपल्या वऱ्हाडातला, मत त्यालाच. कोणी म्हणे, अल्ताफ आपल्या कौमचा, मत त्यालाच. आत जे दोघे जिवाभावाने राहत होते, त्यांना बाहेर आपण 'आपला' आणि 'त्यांचा' असे वाटून टाकले. मुले हे सगळे ऐकत होती. कोण चांगले वागला, कोणी कोणाचा शब्द राखला, हा प्रश्न घरात क्वचितच विचारला गेला.

मुलांच्या ऐकण्याचा परिणाम वर्गात दिसतो. सातवीच्या एका वर्गात पाच मुलींनी मिळून ठरवले की, एका मुलीसोबत कोणी डबा खायचा नाही. 'आम्ही तिला नॉमिनेट केलं' हे त्यांचे शब्द. कारण विचारले तर म्हणाल्या, ती ग्रुपमध्ये जमत नाही. मुलगी दुसऱ्या गावाहून नवीन आलेली होती. तिने शाळेत येणे सोडले. आठवड्याने तिची अम्मी आली आणि म्हणाली, 'मॅडम, पोरगी शाळेचं नावच काढू देत नाही. झालं काय ते बी सांगत नाही.'

वर्गात मुले होती चाळीस, गट होता पाचांचा. उरलेल्यांना विचारले तर प्रत्येकाचे उत्तर एकच, 'आम्ही काही केलं नाही.' त्या अमेरिकन डॉक्टरचे उत्तरही हेच असते.

इथे टीव्हीवरच्या आणि खऱ्या जगण्यातल्या खेळामधला मोठा फरक लक्षात घ्यायला हवा. बिग बॉसच्या घरात ज्याला सगळे मिळून एकटे पाडतात, त्याला बाहेरून लाखो लोक पाहत असतात. २०२४ च्या मराठी पर्वात घराचे दोन तट पडले होते, आणि विजेता ठरला बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा साधा, गरीब घरचा सूरज चव्हाण. गटांना जे मान्य नसते ते प्रेक्षक करून दाखवू शकतात. वर्गात, मोहल्ल्यात, जावा-नणंदांत मात्र असा प्रेक्षक नसतो. तिथे फक्त पहिले मत असते, घालवण्याचे. वाचवण्याचे दुसरे मत कोणी द्यायचे?

ते मत आपल्यालाच द्यावे लागते, आणि त्याची शिकवण आपल्या घरात आधीपासूनच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना प्रेषित्व मिळण्यापूर्वीची गोष्ट. येमेनच्या जुबैद कबिल्याचा एक व्यापारी मक्केत माल घेऊन आला. आस बिन वाइल या वजनदार माणसाने माल घेतला आणि पैसे बुडवले. परका माणूस, पाठीशी कबिला नाही. त्याने डोंगरावर उभे राहून दाद मागितली. तेव्हा बनू हाशिम, बनू जुहरा, बनू तैम आणि आणखी काही घराण्यांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले. जुलूम झालेला माणूस मक्केचा असो वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण सगळे त्याच्या बाजूने, असा करार त्यांनी केला. यालाच हिल्फुल फुजूल म्हणतात. तरुण वयातले प्रेषित (स.) त्या बैठकीत हजर होते, आणि पुढे इस्लाम आल्यावरही अशा करारासाठी कोणी बोलावले तर आपण जाऊ, असे त्यांनी सांगितले.

हीसुद्धा आघाडीच होती. त्यातही माणसे मोजली गेली, घराणी जोडली गेली. फरक एवढाच की, ती एका एकट्या माणसासाठी झाली होती. तेव्हा मुलांना 'गट करू नका' असे सांगून काही साधत नाही, कारण माणूस गट केल्याशिवाय राहत नाही. विचारायचे ते हे की, तुमची मंडळी कोणासाठी आहे? उत्तरात आधार दिलेल्या माणसाचे नाव आले तर ठीक. फक्त टाळायच्या माणसाचे नाव आले, तर ती मंडळी नाही, टोळी आहे.

त्या वर्गात मग आम्ही एक साधी रीत लावली. दर शनिवारी प्रत्येकाने चिठ्ठीवर एक नाव लिहायचे, ज्याच्यासोबत या आठवड्यात आपण एकदाही बसलो नाही, त्याचे. सोमवारी त्याच्याच शेजारी बसायचे. पहिल्या शनिवारी त्या नव्या मुलीचे नाव अकरा चिठ्ठ्यांवर आले. त्यांतली एक चिठ्ठी त्या पाच जणींपैकी एकीची होती. दोन मुलांना तिच्या घरी निरोप घेऊन पाठवले, आणि ती आली.

घरीही हे करता येते. कार्यक्रम पाहायचाच असेल तर मुलांसोबत बसून पाहावा आणि मध्येच विचारावे, हा जे बंद खोलीत बोलला ते तोंडावर बोलला असता का? सूरह हुजुरातमध्ये टोपणनावांनी चिडवणे, टोह घेणे आणि गीबत करणे यांना लागोपाठ मनाई आली आहे. नॉमिनेशनच्या एकाच भागात मुलांना या तिन्हींची उदाहरणे सापडतील. आणि घरात मत द्यायची वेळ आली, मग ते मोबाइलवरचे असो, वर्गाच्या मॉनिटरचे असो की ग्रामपंचायतीचे, तर 'आपला कोण' याच्या आधी 'योग्य कोण' हे विचारण्याची सवय लावावी. मत ही अमानत आहे, हे मुलांना भाषणातून कळत नाही. आपण कोणाचे नाव कशासाठी घेतो, हे पाहूनच त्यांना ते कळते.