स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास? ओझरहून निर्णय घेताना

वजन कमी करण्याच्या उपचारांची चर्चा आता घराघरांत पोहोचली आहे. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे इंजेक्शन भारतात आले. जून २०२५ मध्ये खास वजनासाठीच्या मात्रेतले सेमाग्लुटाइड आले. सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट मार्च २०२६ पर्यंतचेच असल्याने स्वस्त देशी इंजेक्शनांचा मार्गही मोकळा झाला. या चर्चेत एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे: शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर कोणती?

बऱ्याचदा हा निर्णय पॅकेजचा दर, ओळखीतल्या कोणाचा तरी अनुभव किंवा ‘विम्यात काय बसते’ यावर होतो. तो चार गोष्टींवर व्हायला हवा: तुमची छातीतली जळजळ, तुमचा मधुमेह, तुमच्या सवयी व चालू औषधे आणि शस्त्रक्रियेनंतर तपासणीला नियमित जाण्याची तुमची तयारी. ओझर, पिंपळगाव, निफाड भागातल्या वाचकांसाठी ही चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

आधी पात्रता: दोन मोजपट्ट्या

वैद्यकीय निकष आणि विम्याचे निकष आज वेगवेगळे आहेत. अनेकांची फसगत इथेच होते.

बॅरिअॅट्रिक सर्जनांच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये निकष बदलले. बीएमआय ३५ किंवा जास्त असेल, तर दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो. ३० ते ३५ च्या दरम्यान असेल आणि मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल, तर तिचा विचार करावा. आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून आपल्यासाठी ही पायरी आणखी खाली, २७.५ पासून धरावी, असेही त्यात म्हटले आहे.

आरोग्य विम्याची पट्टी मात्र जुनी आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या प्रमाणित नियमानुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी वय १८ किंवा जास्त हवे, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. बीएमआय ३५ ते ४० असेल, तर सोबत गंभीर आजार हवा (उदाहरणार्थ हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह) आणि कमी त्रासाचे इतर उपाय करूनही वजन उतरलेले नसावे.

याचा अर्थ काय? समजा तुमची उंची १६५ सेंटीमीटर, वजन ९२ किलो आणि मधुमेह गोळ्यांना दाद देत नाही. बीएमआय ३४ च्या जवळपास येतो. सर्जन म्हणतील, विचार करण्यासारखे आहे. विमा कंपनी म्हणेल, बसत नाही. विम्याच्या ३५ च्या पट्टीसाठी तुमचे वजन साधारण ९५ किलो हवे, म्हणजे अंतर फक्त तीन-साडेतीन किलोंचे.

अशा वेळी ‘थोडे वजन वाढवून या’ असा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. वाढलेल्या वजनाने यकृत आणखी चरबीयुक्त होते, साखर बिघडते आणि भुलेचा धोका वाढतो. त्यापेक्षा पॉलिसीतले लठ्ठपणाचे कलम आणि प्रतीक्षा कालावधी स्वतः वाचा आणि पूर्वमंजुरी लेखी मागा. एचएएलसारख्या मोठ्या कंपनीत नोकरी असेल, तर कंपनीच्या वैद्यकीय योजनेचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून कार्यालयात चौकशी करा.

इंजेक्शन असताना शस्त्रक्रिया कशाला?

प्रश्न रास्त आहे. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने (आठवड्याला २.४ मिलिग्रॅम) ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के उतरले. मात्र सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. औषध चालू आहे तोवरच त्याचा परिणाम टिकतो, हे धरून चालावे.

शस्त्रक्रियेचा परिणाम साधारणपणे जास्त मोठा आणि जास्त टिकणारा असतो, पण तिचे परिणाम मागे घेता येत नाहीत. बीएमआय ३० च्या आसपास असेल आणि इंजेक्शन परवडत व सोसत असेल, तर आधी ते करून पाहणे योग्य ठरू शकते. बीएमआय ४० च्या पुढे असेल, गुडघे आणि श्वास साथ देत नसतील, तर केवळ इंजेक्शनच्या आशेवर वर्षे घालवू नका. शस्त्रक्रियेनंतर वजन पुन्हा चढू लागले, तर इंजेक्शनचा आधार घेता येतो.

तीन शस्त्रक्रिया, थोडक्यात

स्लीव्ह: जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. आतड्यांना हात लावत नाहीत. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही कमी होते. शस्त्रक्रिया तुलनेने लवकर आटोपते, पण काढलेले जठर परत बसवता येत नाही.

बायपास (पूर्ण नाव रू-एन-वाय): जठराच्या वरच्या टोकाला छोटीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न त्यात जात नाही. यात आतड्याचे दोन जोड असतात.

मिनी बायपास: अमेरिकेतील सर्जन रॉबर्ट रुटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली पद्धत. जठराची लांब नळी करून ती आतड्याला एकाच ठिकाणी जोडतात. ‘मिनी’ या नावावर जाऊ नका. जोड एक असला तरी वगळलेले आतडे लांब असते, म्हणून पोषणावरचा परिणाम मिनी नसतो.

पोटात ठेवायचा फुगा ही शस्त्रक्रिया नाही. तो साधारण सहा महिन्यांनी काढावा लागतो आणि त्यानंतर वजन परत येणे सामान्य आहे. गॅस्ट्रिक बँड आता फारसा वापरत नाहीत.

शस्त्रक्रिया रुग्णाच्या स्थितीवरून ठरते, याचे एक उदाहरण तुम्हाला आठवत असेल. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले होते. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले होते. त्या मार्चमध्ये त्यांच्यावर स्लीव्ह करण्यात आली. इतक्या जोखमीच्या रुग्णात आधी कमी वेळ लागणारी स्लीव्ह करून वजन उतरवायचे आणि पुढचा टप्पा नंतर पाहायचा, हा प्रस्थापित मार्ग आहे. त्याच सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्यांचे निधन झाले. वजन खूप वाढल्यावर अवयवांचे नुकसान किती झालेले असते, हेही या घटनेतून कळते.

चाचण्या काय सांगतात?

फिनलंडमधील २४० रुग्णांच्या चाचणीत स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना दहा वर्षे केली गेली. जादा वजनापैकी स्लीव्हने सुमारे ४४ टक्के, तर बायपासने सुमारे ५२ टक्के वजन उतरलेले राहिले. खरा फरक अन्ननलिकेत दिसला. दहा वर्षांनी केलेल्या एंडोस्कोपीत अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या गटात ३१ टक्के आणि बायपासच्या गटात ७ टक्के रुग्णांत आढळला.

मधुमेहाबाबत अमेरिकेतील १५० रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली असलेले रुग्ण बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात ५ टक्के होते. म्हणजे दोन्ही शस्त्रक्रिया औषधांपेक्षा सरस ठरल्या. पण ‘शस्त्रक्रियेने मधुमेह कायमचा जातो’ हे कोणी सरसकट सांगत असेल, तर ते खरे नाही. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिन जितके जास्त, तितकी ही शक्यता कमी.

मिनी बायपासची फ्रान्समधील २५३ रुग्णांच्या चाचणीत बायपासशी तुलना झाली. दोन वर्षांनी वजनातली घट सारखीच होती, पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी मिनी बायपासमध्ये जास्त होत्या.

मग तुमच्यासाठी कोणती?

छातीत नेहमी जळजळ, रात्री घशाशी आंबट पाणी: स्लीव्हचा निर्णय घाईने घेऊ नका. शस्त्रक्रियेआधी एंडोस्कोपी करून घ्या. अन्ननलिकेत दाह किंवा मोठा हायटस हर्निया असेल, तर साधारणपणे बायपास बरा. मिनी बायपासमध्ये पित्त जठरात आणि क्वचित अन्ननलिकेत चढू शकते, हेही विचारात घ्या.

मधुमेह हे मुख्य कारण: बायपासकडे झुकते माप. जळजळ नसेल तर स्लीव्हही चालू शकते.

सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नेहमी लागतात, किंवा तंबाखू, बिडी, मिश्री सुटत नाही: बायपास आणि मिनी बायपास दोन्हींत जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका वाढतो. तंबाखू कुठल्याही शस्त्रक्रियेआधी सोडायलाच हवी. वेदनाशामक टाळता येणार नसतील, तर स्लीव्हचा विचार होतो.

पूर्ण शाकाहारी, आधीच बी१२ किंवा रक्त कमी: आतडे वगळणाऱ्या शस्त्रक्रियेत लोह, बी१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता जास्त होते. मिनी बायपास करण्याआधी दोनदा विचार करा. डाळी, उसळी, दही, पनीर, अंडी यांतून रोज पुरेशी प्रथिने घेता येतील का, हे आहारतज्ज्ञांशी आधीच ठरवा.

येत्या वर्षा-दीड वर्षात बाळाचा विचार: शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी लागते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या भरवशाच्या राहत नाहीत, म्हणून दुसरी पद्धत ठरवा.

शस्त्रक्रियेनंतरचे ओझर

ओझरहून नाशिक सुमारे वीस किलोमीटर, त्यामुळे तिथे तपासणीला जाणे अवघड नाही. शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात करणार असाल, तर नंतरच्या तपासण्या कोण करणार, हे आधीच ठरवा. पहिल्या वर्षात अनेक फेऱ्या होतात आणि पुढे आयुष्यभर दरवर्षी रक्ततपासणी लागते. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही कायमच्या, म्हणून त्यांचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला नसतो हे लक्षात ठेवा. रात्रपाळी असेल, तर जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा कशा जमवायच्या, तेही विचारा.

द्राक्षांच्या या पट्ट्यात एक सूचना आवश्यक आहे. बायपासनंतर द्राक्षांचा रस, मूठभर मनुका, गूळ किंवा मिठाई एकदम खाल्ल्यास धडधड, घाम, चक्कर, जुलाब होऊ शकतात. वाइन असो वा दुसरे मद्य, शस्त्रक्रियेनंतर ते रक्तात फार लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो.

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच बदलावे लागते. जुन्याच मात्रा चालू ठेवल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

पुढील लक्षणांत सकाळची वाट पाहू नका:

- पहिल्या काही आठवड्यांत नाडी १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे: जोडातून किंवा टाक्यांतून गळती असू शकते.
- सतत उलट्या: थायमिन कमी होऊन मेंदूवर परिणाम होऊ शकतो.
- बायपासनंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी पोटात कळ येऊन जाणे: आतडे आत अडकलेले असू शकते.
- काळी शौच किंवा रक्ताची उलटी.

जवळच्या डॉक्टरांना तुमच्यावर नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली हे कळायला हवे. शस्त्रक्रियेचे नाव, तारीख आणि सर्जनचा फोन लिहिलेला कागद पाकिटात आणि मोबाईलमध्ये ठेवा.

सर्जनला विचारायचे पाच प्रश्न

१. माझ्यासाठी हीच शस्त्रक्रिया का, आणि दुसरी का नाही?
२. तुम्ही तिन्ही शस्त्रक्रिया करता का? वर्षाला किती?
३. माझ्या एंडोस्कोपीत काय दिसले?
४. रात्री दोन वाजता त्रास झाला तर मी कोणाला फोन करायचा?
५. पाच वर्षांनंतर तपासणीला येणारे तुमचे किती रुग्ण आहेत?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात तुमच्या तपासण्यांचा उल्लेखच नसेल आणि फक्त ‘आमच्याकडे सगळ्यांना हीच करतो’ असे ऐकू आले, तर दुसरा सल्ला घ्या. ही घाईची शस्त्रक्रिया नाही. दोन-तीन आठवडे विचारात गेले तर काही बिघडत नाही, पण चुकीची निवड झाली तर ती दुरुस्त करायला दुसरी आणि अधिक अवघड शस्त्रक्रिया लागू शकते.