खाडीवरची पंधरा मिनिटे

वीस वर्षे आम्ही वसईची खाडी रोज ओलांडतो. पण लोकलच्या गर्दीत ती पाहायला मान वळत नाही. परवा रविवारी मुलांसह किल्ल्याजवळच्या धक्क्यावरून भाईंदरच्या रो-रो बोटीत बसलो. ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पाण्यावरचे अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर. धाकटीने विचारले, "ही नदी की समुद्र?" आम्ही सांगितले, उल्हास नदी इथे समुद्राला मिळते. इथून उत्तरेला प्राचीन सोपारा बंदर होते. तिथला बौद्ध स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उत्खननात उजेडात आणला. सहल ही पैसेवाल्यांचीच, असे समजून घरी बसू नका. पोरांना आपला मुलूख दाखवा.