माफी मिळाली, भाडं थकलेलंच

तबकडी : कानसेन

१ ऑक्टोबर २०००. सिडनी ऑलिम्पिकचा समारोप. मंचावर मिडनाइट ऑइल हा ऑस्ट्रेलियाचा रॉक बँड आला. सगळे काळ्या कपड्यांत, आणि कपड्यांवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द : सॉरी. मूळनिवासींची देशाच्या वतीनं माफी मागायला ठाम नकार देणारे पंतप्रधान जॉन हॉवर्ड समोर प्रेक्षकांत बसले होते. ताडमाड, टक्कल केलेला पीटर गॅरेट अंगात आल्यासारखा हातपाय झाडत 'बेड्स आर बर्निंग' गात होता आणि कॅमेऱ्यांना तो शब्द टाळता येत नव्हता.

निषेध करावा तर असा, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, त्या रात्री बँडनं आपल्याच गाण्याचा भाव पाडला.

कारण हे गाणं माफीचं नाहीच, वसुलीचं आहे. सुरुवातीला पितळी वाद्यांचे तीन ठोके पडतात, दारावर थापा पडाव्यात तसे. मग आवाज खाली येतो आणि माणूस कामाचं बोलू लागतो : सातबारा त्यांचा, बिऱ्हाड आपलं, तेव्हा हिशेब चुकता करा. १९८७ च्या 'डीझल अँड डस्ट' या अल्बमचं हे पहिलंच गाणं. ब्रिटिश वसाहतीला दोनशे वर्षं झाली म्हणून १९८८ च्या सोहळ्याची देशभर तयारी चालू असताना या मंडळींनी भाड्याची पावती पुढे धरली.

ती त्यांनी घरी बसून फाडली नव्हती. १९८६ मध्ये ते वारुम्पी बँडबरोबर मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या वस्त्यांवर वाजवत फिरले. वारुम्पी हा मूळनिवासी आणि गोऱ्या वादकांचा बँड. १९८३ मध्येच त्यांनी लुरित्जा भाषेत रॉक गाणं काढलं होतं. 'बेड्स आर बर्निंग'मध्ये किंटोर या गावाचं नाव येतं, ते उगाच नाही. पिंटुपी या मूळनिवासी लोकांना वाळवंटातून आणून सरकारी वसाहतींत ठेवलं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आपणहून उठले, मुलखात परतले आणि किंटोरला वस्ती केली. म्हणजे ज्यांच्यासाठी गाणं लिहिलं, ते गाण्याच्या आधीच घरी पोचले होते.

या अल्बममधलं एक मला खटकतं. 'द डेड हार्ट'मध्ये गोरे गायक मूळनिवासींच्या तोंडून 'आम्ही' म्हणतात. हेतू चांगला असला तरी सर्वनाम उसनं आहे. 'बेड्स आर बर्निंग'मधला 'आपण' मात्र थकबाकीदारांचा आहे, म्हणून तो खरा वाटतो.

पण ठेका असा, की थकबाकीदारही नाचू लागतात. वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं! राजकीय गाणं लोकप्रिय झालं की त्यातली मागणी विरघळते आणि सद्भावना तेवढी खाली उरते. 'भाडं द्या' याचं 'सॉरी म्हणा' झालं, ते असंच.

पुढे गॅरेट २००४ मध्ये मजूर पक्षाकडून खासदार झाला, २००७ मध्ये मंत्री. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. लोक रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मात्र १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात मूळनिवासींच्या सल्लागार मंडळाला राज्यघटनेत जागा देण्याचा प्रश्न आला, तेव्हा साठ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं. माफीला खर्च येत नाही. सल्ला ऐकायचा, तर कधीतरी तो मानावाही लागतो.

काहीच झालं नाही, असंही नाही. इंग्रज आले तेव्हा ही जमीन बिनमालकाची होती, हा समज १९९२ च्या माबो निकालानं मोडीत काढला. त्याआधी, २६ ऑक्टोबर १९८५ रोजी, उलुरूचा लालबुंद खडक तिथल्या मूळनिवासी अनंगू लोकांच्या नावावर झाला. त्याच दिवशी त्यांनी तो ९९ वर्षांच्या पट्ट्यानं सरकारला राष्ट्रीय उद्यानासाठी दिला. तिथं खरंच भाडं मिळतं. तरीही 'आमच्या पवित्र खडकावर चढू नका' ही घरमालकाची विनंती पर्यटक वर्षानुवर्षं पायदळी तुडवत राहिले. चढाई कायमची बंद झाली ती २६ ऑक्टोबर २०१९ ला. मालकी मिळाल्यावरही शब्दाला मान मिळायला ३४ वर्षं लागली.

म्हणून त्या काळ्या कपड्यांची आठवण बाजूला ठेवून गाणं पुन्हा ऐका. त्यात 'सॉरी' हा शब्द एकदाही येत नाही.

— कानसेन