दहांत कोण मोजायचे?

मालवण किनाऱ्यावरून बेने इस्रायल बांधवांना आणि कोकणातल्या सर्व देवस्थानांच्या विश्वस्तांना जाहीर विनंती

सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थना व्हायची तर दहा प्रौढ माणसे हजर लागतात. या दहांच्या जमावाला यहुदी लोक मिनियान म्हणतात. नऊच जमली तर तोराची, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी पेटीतून काढून रीतसर वाचता येत नाही, की मेलेल्या आईबापांसाठी म्हणायचा कद्दिश म्हणता येत नाही. परंपरेने हे दहा म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यात गावोगाव बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदींचे, तेलाचे घाणे चालत होते, तेव्हा हा आकडा जड नव्हता. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, आणि 2011 च्या जनगणनेत साऱ्या भारतात मिळून साडेचार हजारांच्या आसपास यहुदी उरले. गावातल्या सिनेगॉगात आता दहा पुरुष जमवायचे म्हणजे सणावाराला मुंबई-ठाण्याहून माणसे यावी लागतात. अशा वेळी समोर बसलेल्या बायका मोजायच्या नाहीत आणि पायरी चढता न आल्याने बाहेर राहिलेला म्हातारा मोजला जाऊ शकत नाही, हे आम्हाला पटत नाही. मोजणीचा हा नियम आणि दारातली ती पायरी या दोन्हींचा आता फेरविचार व्हावा, एवढेच या पत्रकाचे म्हणणे आहे.

हे म्हणणे बेने इस्रायलांपुढे मांडण्याचे कारण त्यांच्याच इतिहासात आहे. न मोजले जाणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोकणात थोड्यांनाच ठाऊक असेल. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालला, अशी त्यांची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. एकोणिसाव्या शतकात बगदादहून श्रीमंत व्यापारी यहुदी मुंबईत आले आणि सुरुवातीला बेने इस्रायलांच्याच प्रार्थनागृहांत व दफनभूमीत त्यांनी आसरा घेतला. पण 1836 मध्ये त्याच मंडळींनी दफनभूमीत मधोमध भिंत घालून मिळावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. पुढे बगदादी सिनेगॉगांत बेने इस्रायल माणसाला मिनियानमध्ये धरायचे नाही, तोरा वाचायला बोलवायचे नाही, असा प्रघात पडला. माणूस आत बसलेला, प्रार्थना पाठ असलेला, तरी हिशेबात शून्य. इस्रायलला गेल्यावरही हे संपले नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नांआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासायचे आदेश काढले. त्याविरुद्ध कुटुंबेच्या कुटुंबे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. अखेर 1964 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांना संसदेत सांगावे लागले की बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत. धर्मपीठाला आदेशातून त्यांचे नाव वगळावे लागले. शास्त्र तेच, ग्रंथ तेच, तरी माणसे नेटाने बसली तेव्हा अर्थ बदलला. ही लढाई परक्यांशी होती म्हणून सोपी होती, असेही नाही. घरातही गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल असा भेद होता, बेटीव्यवहार आणि पंक्ती वेगळ्या होत्या. तो भेद या समाजाने स्वतःच मागे टाकला. कोचीनच्या यहुदींतही असेच होते: तिथल्या ‘परदेशी’ नावाच्या सिनेगॉगात मुक्त गुलामांच्या यहुदी वंशजांना बरोबरीची जागा नव्हती. त्याच समाजातल्या अब्राहम बराक सालेम या वकिलाने गांधीजींचा सत्याग्रह थेट सिनेगॉगात नेला आणि ती रूढी हळूहळू मोडली.

दार रुंद करणे ही परदेशी कल्पना आहे, हा आक्षेप आम्ही ऐकून आहोत. त्याला उत्तर मुंबई-कोकणातच सापडते. हिब्रू कळेनासे झाले तेव्हा जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणली. 1880 पासून बेने इस्रायलांनी आपल्या हरिदासी वळणाचे कीर्तन उचलले आणि अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्याने मराठी साक्या-दिंड्यांत लावली. ज्याला पोथी वाचता येत नाही त्यालाही कथा कळावी, यासाठीच तो खटाटोप होता. एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने घरोघरी होणारा मलिदा पाहा. गूळ-खोबरे घातलेले पोहे, वर फळे, मध्ये ताट आणि भोवती घरातली सगळी: आजी, सुना, पोरेटोरे, शेजारी. तिथे सिनेगॉगातल्यासारखे बायकांना वेगळे माडीवर कोणी बसवत नाही. आणि 1925 मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन उभी केली, जिथे स्त्री-पुरुष एकत्र बसून प्रार्थना करू लागले. झिराड प्रसूतितज्ज्ञ, पुढे पद्मश्री मिळालेल्या, आणि पक्क्या बेने इस्रायल. ही वाट शंभर वर्षांपूर्वी आपल्याच एका मराठी बाईने घालून दिलेली आहे.

आता शास्त्राचा आक्षेप, आणि तो सर्वांत गंभीर आहे. बाईवर ठरावीक वेळेच्या प्रार्थनेचे बंधन नाही, म्हणून ती बंधन असलेल्यांच्या दहांत धरता येत नाही, अशी परंपरेची मांडणी आहे. ती तुच्छतेतून आलेली नाही, हे मान्य. पण त्याच शास्त्राच्या अभ्यासकांनी ती पुन्हा तपासली आहे. अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या शास्त्र-समितीने 1973 मध्ये स्त्रियांना मिनियानमध्ये मोजायला परवानगी दिली. मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात बहिऱ्या-मुक्या माणसाला वेड्याच्या आणि अज्ञान मुलाच्या रांगेत बसवले होते, कारण त्या काळी ज्याला ऐकू येत नाही त्याला समजत नाही असे धरले जाई. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे हे आता सिद्ध झाल्यावर, त्याच समितीने 2011 मध्ये ठरवले की खुणांनी बोलणारा बहिरा माणूसही दहांत धरायचा. ज्या वस्तुस्थितीवर निर्णय उभा होता ती बदलली, म्हणून निर्णय बदलला. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये अशी स्पष्ट आज्ञा आहे, आणि ती मोजणीच्या कुठल्याही नियमापेक्षा जुनी आहे. ज्या मंडळ्यांना सनातन रीत सोडायची नाही, त्यांना आम्ही ती सोडा म्हणत नाही. त्यांनी आपल्या पंडितांना विचारावे आणि निर्णय कारणांसह लेखी मागावा. पण शास्त्राचा जिथे काही संबंधच नाही, अशा गोष्टी तरी पुढे ढकलू नयेत.

आणि अशाच गोष्टी सर्वांत जास्त आहेत. जुन्या सिनेगॉगांत बायकांची जागा बहुधा माडीवर, तीही अरुंद लाकडी जिन्याने जायची. गुडघे गेलेली बाई तिथे चढणार कशी? तळमजल्यावर आडपडदा लावून बाकांच्या चार ओळी बायकांसाठी ठेवल्या तर एकही शास्त्रवचन मोडत नाही. तोरा वाचायचा चौथरा दोन-तीन पायऱ्यांवर असतो, तिथे मान मिळालेल्या चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी खाली मेज मांडून वाचन करता येते. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ध्वनिक्षेपक चालत नसेल, तर कमी ऐकू येणाऱ्यांच्या हाती मोठ्या टायपातली, देवनागरी उच्चार दिलेली पाने देता येतात. उताराचे गणित साधे आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट उतार लागतो. एवढे अंगण नसेल तर वळण घ्यावे, आणि तेही जमत नसेल तर बाजूचे दार उघडावे.

आमच्या जिल्ह्यात सिनेगॉग नाही, मग मालवणने यात का पडावे, असे कोणी विचारेल. याचे कारण आमची स्वतःची देवळे आहेत. सिंधुदुर्गात सहसा कोणतेही शुभकार्य देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय होत नाही, आणि गाऱ्हाण्यात अख्ख्या गावाचे भले मागितले जाते: गुरांचे, लेकरांचे, परगावी गेलेल्या चाकरमान्यांचेही. पण ज्याच्यासाठी मागणे मागितले, तो चिऱ्याच्या दहा पायऱ्या आणि उंच उंबरठ्याच्या पलीकडे, रस्त्यावर रिक्षात बसलेला असतो. त्याला कोणी बंदी केलेली नाही, म्हणून कोणाला दोषी वाटत नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली: बंदीचा फलक काढला तरी घाण ज्याला उपसावी लागते तो बाहेरच राहतो, म्हणून आधी ते काम बदला. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून ते उपोषणाला बसले, ते याच समजुतीने. समतेसाठी विटा-चुन्याचे, संडासाचे, वाटेचे काम करावे लागते, हा कोकणचा स्वतःचा धडा आहे. म्हणून अलिबागच्या विश्वस्तांना जे सांगायचे तेच आचरा, मसुरे, कुणकेश्वरच्या विश्वस्तांनाही सांगत आहोत, एक शब्द कमी न करता.

कायदाही याच बाजूचा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक वापराच्या इमारती स्पष्टपणे येतात. 2017 मध्ये नियम निघाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम करायच्या होत्या. ती मुदत 2022 मध्ये संपली. वारसा इमारतीला हात कसा लावायचा, हा प्रश्न खरा आहे. पण मुंबईच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचे जतन युनेस्कोने 2019 मध्ये गौरवले, म्हणजे जुन्या वास्तूला जपून हात लावणारे कारागीर आपल्याकडे आहेत. जोत्याला न चिकटवता ठेवलेला लाकडी उतार एकही दगड न फोडता बसतो. 2008 मध्ये मुंबईतल्या नरिमन हाऊस या यहुदी केंद्रावर झालेल्या हल्ल्यानंतर सिनेगॉगांनी दारात चौकशी कडक केली, त्याबद्दल कोणी बोट दाखवू नये. मात्र चौकशीच्या रांगेत बसायला बाक हवा आणि तपासणी करणाऱ्याला चाकाची खुर्ची कशी पुढे घ्यायची ते शिकवलेले हवे. पैशांचे म्हणाल तर उताराला, बाकांना, पानांच्या छपाईला एखाद्या वार्षिक समारंभाच्या मंडपापेक्षा अधिक खर्च येणार नाही.

सिनेगॉगांच्या विश्वस्तांनी यहुदी पंचांगातल्या तिश्री महिन्याचे सण येण्याआधी, आणि आमच्या देवस्थानांनी कार्तिकात जत्रा सुरू होण्याआधी, विश्वस्त मंडळाच्या सभेत हा एकच विषय घ्यावा. सभेला गावातला एक दिव्यांग आणि एक वयस्क बाई बोलवावी, दारापासून गाभाऱ्यापर्यंत किंवा तोराच्या पेटीपर्यंत त्यांच्याबरोबर चालावे, जिथे ती दोघे थांबतील ती जागा वहीत लिहावी आणि कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करणार ते समोर मांडावे. ते टिपण दारावर लावावे, म्हणजे पुढच्या वर्षी लोकांना विचारता येईल.