बुरशीचा आळ दह्यावर

वसमत-कळमनुरीकडच्या एखाद्या घरात बाईच्या अंगावरून पांढरं जाऊ लागलं, खाज सुटली, की दवाखान्याआधी तिच्या ताटाची झडती होते. कोणी म्हणतं उष्णता झाली, कोणी म्हणतं आंबट बाधलं. पांढरं जातंय म्हणून पांढरं खायचंच नाही, असंही सांगणारे भेटतात. दही, ताक, भात एकेक करून बंद होतात. आता या यादीला मोबाइलवरची नवी यादी जोडली गेली आहे: साखर, मैदा, पाव, इडली सोडा, म्हणजे यीस्ट (बुरशी) उपाशी मरेल. एक यादी आजीची, दुसरी अमेरिकेची. पण आजार ताटातून आला आणि ताट आवळलं की जाईल, हे दोघींचं गृहीतक एकच आहे. ते तपासून पाहू.

कँडिडा नावाची ही बुरशी बहुतेकांच्या आतड्यात, तोंडात, त्वचेवर आणि अनेक स्त्रियांच्या योनिमार्गात मुळातच थोडीफार असते. तिथले लॅक्टोबॅसिलस जंतू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ते जंतू मेले, गरोदरपणात संप्रेरकं बदलली, स्टिरॉइड सुरू झालं किंवा मधुमेह बळावला, की तिला मोकळं रान मिळतं. या कारणांत दही कुठेच नाही.

साखर खाल्ली की बुरशीला खाद्य मिळतं, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण निरोगी माणसाने जिलेबी खाल्ली तरी इन्सुलिन रक्तातली साखर थोड्याच वेळात ताळ्यावर आणतं. तोंडातला घास सरळ योनिमार्गात पोचत नाही. पाव फुगवणारं यीस्ट कँडिडाहून वेगळं, आणि इडलीचं पीठ तर मुख्यतः जिवाणूच आंबवतात. म्हणून पाव-इडली सोडून कँडिडा हटणार नाही.

थकवा, डोकेदुखी, उदासी हे सगळं शरीरभर माजलेल्या यीस्टचंच काम, हे मत विल्यम क्रूक या अमेरिकन डॉक्टरांच्या 1983 सालच्या पुस्तकाने घरोघर नेलं. 1990 मध्ये तिथल्याच संशोधकांनी अशा तक्रारी असलेल्या स्त्रियांना बुरशीवरचं निस्टॅटिन देऊन पाहिलं. योनीच्या तक्रारींवर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं. थकवा-उदासीवर मात्र दोन्हींचा परिणाम सारखाच होता. म्हणजे आजार जिथे आहे तिथे औषध लागू पडतं, आणि बाकीचा पसारा सिद्ध होत नाही.

दुसऱ्या टोकाची मंडळी दह्यालाच औषध ठरवतात. तेही टिकत नाही. अँटिबायोटिक घेणाऱ्या स्त्रियांना लॅक्टोबॅसिलस देऊन ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत (2004) संसर्ग टळला नाही. दही आवडीने खावं, पण ते योनीत लावू नये. आणि हळद? वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा अभिमान रास्तच आहे. पण ते मानांकन उगमाची आणि वैशिष्ट्याची ग्वाही देतं, औषधी गुणाची नाही. हळदीतलं कुरकुमिन काचनळीत बुरशीला रोखतं. पोटातून मात्र ते रक्तात फारच कमी उतरतं. हळदीचा लेप नाजूक जागी लावणं म्हणजे आगीत तेल.

मग आहाराचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि घट्ट आहे. पण तो मधुमेहाच्या वाटेने येतो. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीत उतरते, योनीच्या स्रावातही वाढते, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढेपाळतात. मधुमेहावरच्या काही नव्या गोळ्या तर मुद्दामच लघवीवाटे साखर बाहेर काढतात. त्या घेणाऱ्यांनाही हा त्रास जास्त होतो. अशा बाईच्या बाबतीत ताटाचा विचार करायलाच हवा. शेतावर दिवसातून चार वेळा होणारा गोड चहा, नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, बटाटा आणि रताळं, हे तिला दह्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. उपवास तिच्या रक्तात मेजवानी होऊन उतरतो. तिला ज्वारीची भाकरी बेताची, सोबत डाळ, मूग-मटकीची उसळ, पालेभाजी आणि बिनसाखरेचं ताक, शिवाय वेळेवर गोळी, हेच खरं पथ्य.

बाकीच्या स्त्रियांना पथ्याने होतं ते नुकसानच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा शरीराचं, त्यातही गरोदर बाईचं, दूध-दही तोडणं हा उपचार कसा म्हणायचा?

उपचार साधा आहे. क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची एक मात्रा बहुतेकींना पुरते. गरोदरपणात मात्र तोंडाने घ्यायची गोळी टाळतात. पण आधी तपासणी हवी, कारण प्रत्येक पांढरं पाणी बुरशीचं नसतं. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि खाज ही बुरशीची खूण. दुर्गंधी, ताप, ओटीपोटात दुखणं असेल तर आजार वेगळा. वर्षातून तीनदा त्रास उलटला तर रक्तातली साखर तपासायलाच हवी. तिशीपुढच्यांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते.

राणी आणि अभय बंग यांनी 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची पाहणी मांडली. 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. पथ्य इतकं लोकप्रिय का, याचं उत्तर मला या दोन आकड्यांमधल्या दरीत दिसतं. पथ्याला एसटीचं तिकीट लागत नाही, मजुरी बुडत नाही, नवऱ्याला सोबत जावं लागत नाही, लाज मोडावी लागत नाही. सगळा भार बाईच्या जिभेवर टाकला की घर मोकळं होतं. म्हणून पथ्य सांगणाऱ्यांनी आधी तिला तपासणीला न्यावं. साखरेचा आकडा वाढलेला निघाला तर ताटाबद्दल जरूर बोलू. नाही निघाला, तर तिच्या घासाला हात लावायचा अधिकार कोणालाच नाही.