छाती कोणाची होती?



“कामगाराला पगार कळतो, स्वातंत्र्य काय कळणार?” असं म्हणणाऱ्या शहाण्यांना आम्ही विचारतो : १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची सजा झाली, तेव्हा वर्षाला एक दिवस असा सहा दिवस संप कोणी केला? रोजी बुडवून गोळ्या कोणी झेलल्या? १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला बाबू गेनू कोण? गिरणी कामगार! २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर कोण उभं होतं? आम्हीच!

हाती शस्त्र नव्हतं. शेजारचा पळणार नाही, हा भरवसा होता. त्यालाच हिंमत म्हणतात. परळ-लालबाग सोडून आम्ही चारकोपला आलो. तो भरवसा तिथं टाकून नाही आलो!

कामगार एकजुटीचा विजय असो!