उघड्या मोटारीचा हिशेब



गेल्या पंधरवड्यात पुण्याहून पुतण्याचा दूरध्वनी आला. व्यवसायाची दोन वर्षे चांगली गेली. आता उघड्या छताची एक आलिशान स्पोर्ट्स मोटार घ्यावी, असे त्याच्या मनात आहे. थोरले बंधू मात्र तयार नाहीत. अखेर निवाडा सोनाळ्याकडे आला. "काका, गाडी सुरक्षित आहे की नाही, एवढेच तुम्ही बाबांना सांगा," असे तो म्हणाला. सातपुड्याच्या पायथ्याशी दुकान चालवणाऱ्याला अशा मोटारींचे ज्ञान ते किती असणार! तथापि माल पारखल्यावाचून घेऊ नये, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून या प्रश्नाच्या जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू मांडून पाहिल्या.

प्रथम नावे बाजू. मोटारीचे छत केवळ ऊन-पावसासाठी नसते. ते सांगाड्याला ताठपणा देते आणि गाडी उलटली तर आतल्यांच्या डोक्यावरचा भार पेलते. छत काढले की ही दोन्ही कामे अन्य भागांकडे सोपवावी लागतात. छताच्या कडेतून खाली उलगडणारी पडद्यासारखी एअरबॅगही येथे बसवता येत नाही.

आता जमा बाजू. ही उणीव निर्माते जाणून आहेत. दारांखालची चौकट आणि समोरच्या काचेचे खांब अधिक बळकट पोलादाचे करतात. डोके वाचवणारी एअरबॅग आसनात किंवा दारात बसवतात. 1989 साली मर्सिडीजने आपल्या एसएल मोटारीत आसनांमागे एक दांडी दिली. गाडी उलटू लागताच ती सेकंदाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी वेळात आपोआप उभी राहते. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेने 2020 मध्ये अशा मोटारींची तुलना त्याच प्रकारच्या बंद छताच्या मोटारींशी केली. उघड्या मोटारींत चालकांच्या मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले नाही. उलट किंचित कमीच दिसले. मात्र मृत चालकांपैकी गाडीबाहेर फेकले गेलेले बंद मोटारींत शंभरात 17, तर उघड्या मोटारींत 21 होते. सीटबेल्टचे मोल येथे कळते.

परंतु सरासरीवरून एका नगाची पारख होत नाही. युरोपातील 'युरो एनकॅप' संस्थेने 2015 मध्ये माझ्दाच्या एमएक्स-5 या उघड्या मोटारीला चार तारे दिले, तर 2019 मध्ये बीएमडब्ल्यूच्या झेड-4 ला पाच. याहून महागड्या, मोजक्याच विकल्या जाणाऱ्या कित्येक मोटारींची अशी चाचणी होतच नाही. किंमत भारी म्हणून सुरक्षा भारी, असा अर्थ काढणे म्हणजे लेबल पाहून मालाचा भाव ठरवणे होय.

शिवाय ताऱ्यांनाही मर्यादा असते. आपल्याकडे 2023 पासून सुरू झालेल्या 'भारत एनकॅप'मध्ये समोरची धडक ताशी 64 किलोमीटर वेगाने घेतात. समृद्धी महामार्गावर, जो आपल्याच जिल्ह्यातून जातो, मोटारींना ताशी 120 ची मुभा आहे. त्या वेगात धडकेचा जोर साडेतीन पट होतो. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेव्हा गाडी नामांकित आणि भक्कमच होती. मागच्या आसनावरील दोघांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता.

येथवर हिशेब आतल्यांचा झाला. बाहेरच्यांचे काय? 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे टायकन मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. एक मुलगा, एक मुलगी. चालवणारा सतरा वर्षांचा होता, असे पोलिसांचे म्हणणे. याच मोटारीला 2019 मध्ये युरो एनकॅपने पाच तारे दिले होते. अल्पवयीनाच्या हाती वाहन देऊन अपघात घडल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. पण शिक्षा कोणालाही झाली तरी त्या दोन घरांची खाती पुन्हा जुळणार नाहीत.

म्हणून पुतण्याला मी पुढीलप्रमाणे कळवले. केवळ छत नाही म्हणून गाडी धोक्याची ठरत नाही. ज्या मॉडेलवर मन बसले आहे, त्याच मॉडेलचा आणि त्याच वर्षाचा चाचणी अहवाल मागवावा. अहवाल नसेल, तर ते मॉडेल सोडावे. गल्लीच्या टोकापर्यंत जायचे असले तरी सीटबेल्ट लावावा. किल्ली मित्रांना किंवा धाकट्या भावंडांना देऊ नये. आणि सोनाळ्यास यायचे झाल्यास दिवेलागणीपूर्वी यावे. कपाशीच्या हंगामात इकडच्या रस्त्यांवर बैलगाड्या बिनदिव्याच्या चालतात.

पुतण्याने सर्व अटी मान्य केल्या आहेत. बंधूंनी मात्र एकच विचारले, "तो पाळील ना?" याचे उत्तर कोणत्याही अहवालात मला सापडले नाही. ते त्यानेच आपल्या आताच्या गाडीवर वर्षभर चालवून दाखवावे, असे मी सुचवले आहे. दोघांनीही अद्याप होकार दिलेला नाही.